वाचक विचारतात : ताज महाल, गिटार, बँजो आणि माउथ ऑर्गन

ताज महाल या अमेरिकन ब्लूज गायकाचा भारताशी काय संबंध? इतकी वाद्यं तो कुणाकडे शिकला? (एक वाचक, सांगली)

नाव त्यानं स्वतःच घेतलेलं. जन्मनाव हेन्री सेंट क्लेअर फ्रेडरिक्स. जन्म 17 मे 1942चा, न्यू यॉर्कच्या हार्लेममधला. वाढला मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला. गांधीजी आणि भारत यांची स्वप्नं पडायची, त्यातून हे नाव आलं असं तो सांगत आला आहे.

वडील कॅरिबियन वंशाचे, जाझमधले पियानोवादक आणि संगीत-संयोजक. आई दक्षिण कॅरोलिनाची, चर्चमधली गॉस्पेल गाणी गाणारी. पोराला पियानोच्या शिकवणीला घातलं, पण दोन आठवड्यांतच तो आपल्या मनाप्रमाणे वाजवू लागला. पुढे क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन, माउथ ऑर्गन हेही हाताळलं. तो 11 वर्षांचा असताना वडील ट्रॅक्टरच्या अपघातात गेले. नंतर घरात सावत्र वडिलांची गिटार होती. तेरा-चौदाव्या वर्षी उत्तर कॅरोलिनाहून शेजारी राहायला आलेल्या, जवळपास त्याच्याच वयाच्या एका मुलानं ती वाजवायला शिकवली. म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या लोकांचं हे गाणं, ब्लूज, त्याला पुस्तकातून नव्हे, शेजारच्या घरातून मिळाला.

त्याच वयात तो शेतीकडेही ओढला गेला. सोळाव्या वर्षी पामर गावच्या दुग्धशाळेत कामाला लागला, एकोणिसाव्या वर्षी तिथला मुकादम झाला. पहाटे चारनंतर उठून 35 ते 70 गायींचं दूध काढायचं. ॲमहर्स्टच्या विद्यापीठात त्याचा मुख्य विषयही पशुसंवर्धन हाच होता. शिकत असतानाच तिथे त्यानं पहिला बँड उभा केला.

त्याच्या ‘रायझिंग सन्स’ या बँडला कोलंबियासारख्या मोठ्या कंपनीनं घेतलं, तरी रेकॉर्ड का आली नाही? (एक वाचक, मुंबई)

1964 साली तो कॅलिफोर्नियाला गेला. तिथे राय कूडर या विशीही न गाठलेल्या गिटारवादकासोबत हा बँड जमला. काळे आणि गोरे वादक एकाच बँडमध्ये असणं तेव्हा दुर्मीळ होतं. कोलंबियानं भरपूर ध्वनिमुद्रण केलं, पण 1966 साली फक्त एक सिंगल (दोन गाण्यांची छोटी तबकडी) बाजारात आणली. बाकीचं 1992 साली बाहेर आलं. ते ऐकलं की कारण कानाला कळतं : एक गाणं जुन्या मिसिसिपी वळणाचं, पुढचं त्या काळच्या पॉप-रॉकच्या थाटाचं. दुकानात कुठल्या खणात ठेवायचं, हे ठरणं कठीणच होतं.

तरी ती वर्षं वाया गेली असं आम्ही म्हणणार नाही. लॉस एंजेलिसच्या ‘ॲश ग्रोव्ह’ क्लबमध्ये त्याला ब्लूजमधली जुनी जाणती मंडळी जवळून ऐकता आली. 1968 साली त्याच कंपनीनं त्याची स्वतःच्या नावाची पहिली रेकॉर्ड काढली आणि त्याच वर्षी दुसरीही. 1969च्या जोड-रेकॉर्डमधली एक तबकडी बँडची आहे. दुसरीत तो एकटाच आहे, गळा, गिटार, बँजो आणि माउथ ऑर्गन घेऊन. नव्या श्रोत्यानं या दुसऱ्या तबकडीपासून सुरुवात करावी.

मुलगा 17 वर्षांचा आहे, साधी गिटार येते. त्याला गिटार, बँजो आणि माउथ ऑर्गन तिन्ही वाजवायचं आहे. सगळं एकदम घ्यावं का? (एक पालक, नाशिक)

एकदम घेऊ नका, पण तिन्ही एकाच सुरावर बांधा. आधी एक खुलासा : आपल्याकडे बँजो म्हटलं की बटणांचा, मिरवणुकीतल्या बँजो पार्टीतला बँजो डोळ्यांसमोर येतो. इथे अभिप्रेत आहे तो कातडं ताणलेल्या गोल घेराचा, पाच तारांचा अमेरिकन बँजो.

गिटार ‘ओपन जी’मध्ये लावायची. नेहमीच्या जुळणीतल्या फक्त तीन तारा एकेक पूर्ण स्वर उतरवायच्या : सहावी ई वरून डी, पाचवी ए वरून जी, पहिली ई वरून डी. सहावी आणि पहिली या मोकळ्या चौथ्या तारेशी जुळवा, पाचवी मोकळ्या तिसरीशी. सप्तक वेगळं असलं तरी जुळलेलं कानाला कळतं. आता जी हा सा धरला, तर जाड तारेपासून बारीक तारेकडे प, सा, प, सा, ग, प असे सूर मिळतील. उतरवताना तार हव्या त्या सुराच्या थोडी खाली नेऊन मग वर चढवत आणा. नुसती सैल करून सोडली, तर ती नटच्या (गिटारच्या मानेच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचेत अडकून राहते आणि पाच मिनिटांत आणखी उतरते. पहिली तार 0.012 इंचाची असेल असा संच घ्या, 0.010चा संच या जुळणीत ढिला पडून झणझणतो.

गंमत अशी की या गिटारच्या बारीक बाजूच्या चार तारा आणि बँजोच्या चार लांब तारा हुबेहूब एकाच सुरात असतात : डी, जी, बी, डी. बँजोची पाचवी, आखूड तार पाचव्या पडद्यापासून सुरू होते आणि सतारीच्या चिकारीसारखी वरचा सा धरून ठेवते. त्यामुळे गिटारवर बसलेली डाव्या हाताची बोटं बँजोवर जशीच्या तशी चालतात. नवा शिकायचा तो उजवा हात.

बारा मात्रागटांचा (एका गटात चार ठोके) ब्लूजही इथे सोपा होतो : चार गट मोकळ्या तारा, दोन पाचव्या पडद्यावर आडवं बोट, दोन मोकळ्या, एक सातव्यावर, एक पाचव्यावर, शेवटचे दोन मोकळ्या. उजव्या अंगठ्यानं पाचवी, चौथी, पाचवी, चौथी अशी ठोक्यागणिक एक तार. लय मिनिटाला 60 ठोके. हमखास बिघडतं ते इथे : पहिल्या तारेवर बोटं चाल वाजवू लागली की अंगठा थांबतो. म्हणून पहिले पंधरा दिवस फक्त अंगठा, आणि तो चालू असताना मुलाला घरच्यांशी बोलायला लावा. बोलतानाही अंगठा अडखळला नाही की मगच बोटं घालायची.

आणि माउथ ऑर्गन कुठल्या पट्टीचा? (त्याच पत्रातून)

दहा छिद्रांचा, सी पट्टीचा. गाणं जी मध्ये आणि बाजा सी चा, हे चुकून नाही. गाण्याच्या सा पासून जो शुद्ध म, त्या पट्टीचा बाजा घ्यायचा, हा ब्लूजचा रिवाज. गाणं ई मध्ये असेल तर ए चा, ए मध्ये असेल तर डी चा.

असं केल्यानं सा दुसऱ्या छिद्रात, श्वास आत ओढून मिळतो. चौथ्यात प, पाचव्यात कोमल नी. तिसऱ्यात शुद्ध ग. ओढता ओढता जिभेचा मागचा भाग किंचित खाली-मागे नेला की तोच सूर कोमल ग पर्यंत वाकतो. ब्लूजचा सगळा जीव या वाकण्यात आहे, आणि फुंकण्यापेक्षा ओढताना तो हातात राहतो.

नवख्यांची एक तक्रार ठरलेली : ‘दुसरं छिद्र वाजत नाही, बाजा खराब निघाला.’ बाजा बहुधा ठीक असतो. जबडा आणि गळा आवळलेला असल्यानं सूर आपोआप वाकून घुसमटतो. जांभई देताना उघडतो तसा गळा मोकळा ठेवा, श्वास पोटातून हळू ओढा.

गळ्यात घालायच्या होल्डरमध्ये बाजा अडकवून गिटारसोबत वाजवायचा असेल, तर बाजा तोंडाशी यायला हवा. मान पुढे वाकली तर दहा मिनिटांत खांदे भरून येतात. बाजूचे स्क्रू दर गाण्याआधी घट्ट करा. हाताची ओंजळ लागत नसल्यानं आवाजाची उघडझाप गळ्यानंच करावी लागते, म्हणून आधी महिनाभर हातात धरून वाजवणं बरं.

ताज महालच्या पहिल्या रेकॉर्डवरची ती प्रसिद्ध स्लाइड गिटार (तारांवर नळी सरकवून वाजवलेली) त्याचीच का? (एक वाचक, पणजी)

नाही. ती जेसी एड डेव्हिस या ओक्लाहोमाच्या मूलनिवासी वादकाची. ती ऐकूनच ‘ऑलमन ब्रदर्स’ बँडचा गिटारवादक ड्वेन ऑलमन स्लाइडकडे वळला. वाजवून पाहायची असेल तर काचेची नळी करंगळीत घाला आणि पडद्याच्या अलीकडे नव्हे, बरोबर पडद्याच्या धातूवर धरा. अलीकडे धरली तर सूर उतरा लागतो. नळीमागची बोटं तारांना हलकी टेकलेली हवीत, नाहीतर मागून दुसराच सूर गुणगुणत राहतो. दाब इतकाच द्यावा की तार पडद्याला लागणार नाही.

भारताशी खरा सांगीतिक धागा जुळला तो पुढे, नव्वदच्या दशकात : ‘मुमताज महाल’ या ध्वनिमुद्रणात विश्वमोहन भट यांची मोहनवीणा आणि एन. रविकिरण यांची चित्रवीणा ही स्लाइडनंच वाजणारी वाद्यं त्याच्यासोबत आहेत. त्याच्या थोडं आधी भटांसोबत वाजवून ग्रॅमी मिळवणारा होता राय कूडर, रायझिंग सन्समधला तोच पोरगा.