जखम कुठे आहे, ते आधी बघा

प्रश्न : परसात आठ जपानी बटेर पाळले आहेत, तीन नर आणि पाच माद्या. वय दोन महिने. आजवर गुण्यागोविंदानं राहत होते. या आठवड्यात एका मादीचं डोकं मागच्या बाजूनं सोलून निघालंय आणि एका नराच्या टाळूवरही खरचटलंय. मादीला वेगळं ठेवलंय. बरी झाली की परत सोडू का? पिंजऱ्याची उंची साधारण दोन फूट आहे.

उत्तर : तुमच्या पत्रात जखमा दोन आहेत आणि माझ्या मते कारणंही दोन.

आधी मादीचं. बटेर सहा ते आठ आठवड्यांत वयात येतात. जोडी लावताना नर मादीच्या मानेमागची पिसं चोचीत धरून पाठीवर चढतो. पाच माद्यांमागे तीन नर म्हटल्यावर त्याच त्या जागेची पिसं उपटली जाणार, मग कातडी. त्यात रक्त दिसलं की बाकीचेही टोचायला लागतात. तेव्हा परत सोडायचा विचार नंतर. आधी नर कमी करा. चार-पाच माद्यांना एक नर पुष्कळ झाला. मार खाणारीला हलवायचं आणि मारणाऱ्याला घरात ठेवायचं, हा न्याय मला कधीच पटला नाही. दाणा टाकल्यावर थोडा वेळ नुसतं बघत बसा, दांडगट कोण ते कळेल. काढलेले दोन नर माद्या दिसणार नाहीत अशा जागी एकत्र ठेवून पाहा. जमलं तर ठीक, नाहीतर दोघांच्या दोन चुली.

नराची टाळू बहुधा छताला आपटली असावी. दचकला की बटेर सरळ वर उसळी मारतो, आणि दोन फूट ही नेमकी वाईट उंची : वेग घ्यायला पुरेशी, थांबायला अपुरी. छत एक फुटावर आणा किंवा आतून मऊ जाळी ताणून लावा. डोळ्याभोवती टोचल्याच्या खुणा असतील तर मात्र ती नरांची आपसातली मारामारी समजा.

जखम कोमट मिठाच्या पाण्यानं धुवा. अर्धा लिटर उकळून निववलेल्या पाण्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ. मग पोव्हिडोन आयोडीन फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावा. माणसांची वेदनाशामक मलमं नकोत, त्यांतली बधिर करणारी औषधं पक्ष्यांना बाधू शकतात. पक्षी उबदार, अंधुक जागी ठेवा आणि माशा बसू देऊ नका. अळ्या दिसल्या, डोळ्याला इजा असली किंवा मान वाकडी धरली तर थेट पशुवैद्याकडे न्या. नुसती कातडी सोललेली असेल तर बघवत नाही इतकी भयंकर दिसते, पण भरते छान.

खाद्य कोणतं देता, ते लिहिलं नाहीत. अंडी देणाऱ्या बटेरांना साधारण वीस टक्के प्रथिनं लागतात. ती कमी पडली तरी पिसं उपटणं सुरू होतं. रात्री दिवा लावून ठेवत असाल तर तास कमी करा, लांबलेल्या उजेडात नर जास्त चेकाळतात. आत पालापाचोळा, आडोसे आणि धूळस्नानाला कोरड्या मातीची परात ठेवा.

मादीला सोडताना एकदम सोडू नका. काही दिवस त्याच पिंजऱ्यात मध्ये जाळी लावून ठेवा. खपली पूर्ण पडून नवी पिसं दिसायला लागली की आडोशांच्या जागा बदला आणि संध्याकाळी जाळी काढा.