उत्तर: यूकेच्या स्टुडंट व्हिसावर आयर्लंडमधली मैफल? आधी बँकेचे कागद, मग तिकीट

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते: नाही, यूकेचा स्टुडंट व्हिसा आयर्लंडला चालत नाही, वेगळा आयरिश व्हिसा लागतो. तुम्ही बर्मिंगहॅमला स्टुडंट व्हिसावर आहात, ऑगस्टमध्ये आयर्लंडच्या काउंटी क्लेअरमधल्या फीकल गावच्या संगीत महोत्सवाला जाऊन मार्टिन हेज यांचं फिडल (म्हणजे व्हायोलिनच) ऐकायचंय, आणि रूममेट म्हणतोय की यूकेचा व्हिसा असला की आयर्लंडला कोणी विचारत नाही. विचारतात. अगदी विमानात बसायच्या आधीपासून विचारतात.

एरवी मी इथे नुसती वाचून पुढे जाते. पण तुमची पोस्ट म्हणजे माझीच जुनी कहाणी निघाली. मी तेव्हा लीड्सला वर्क व्हिसावर होते. माणूस तोच, फिडलही तेच, फक्त मला जायचं होतं डब्लिनला. म्हणून लांबण लागली तरी लिहिते. मी वकील नाही, नियम बदलत असतात, आयरिश इमिग्रेशनच्या अधिकृत साइटवर स्वतः खात्री करा, हे सगळं गृहीत धरून वाचा.

गोंधळ होतो तो एका सवलतीमुळे. यूकेचा अल्पमुदतीचा व्हिजिटर व्हिसा घेऊन आलेल्या भारतीयांना, आधी यूकेत प्रवेश झालेला असेल तर, त्याच व्हिसावर आयर्लंडला जाता येतं. ही सवलत ठरावीक मुदतीची आहे आणि मुदत वाढवत नेतात, तेव्हा तारीख बघून घ्या. शिवाय भारतातून अर्ज करणाऱ्यांच्या व्हिसावर 'बीआयव्हीएस' (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) असं लिहून आलं असेल तर दोन्ही देश एकाच व्हिसात होतात, फक्त ज्या देशाने व्हिसा दिला तिथे आधी उतरायचं. पण तुमच्यामाझ्यासारखे शिकायला किंवा नोकरीला आलेले लोक यातल्या कशातच बसत नाहीत. म्हणजे तुमचे आईबाबा पंधरा दिवस फिरायला आले तर ते फीकलला जातील आणि इथे घरभाडं भरणारे तुम्ही बर्मिंगहॅमला बसाल. हे मला आजतागायत पटलेलं नाही, पण आहे हे असं आहे.

दुसरा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच: बेलफास्टला जा, ते यूकेतच आहे, तिथून डब्लिनची बस पकडा, सीमेवर चिटपाखरू नसतं. चौकी नसते हे खरं. पण व्हिसा लागतोच, आणि आयरिश पोलीस बस थांबवून कागद बघतात असंही होतं. दोन तासांच्या संगीतासाठी पुढचा प्रत्येक व्हिसाअर्ज धोक्यात घालायचा? 'कधी व्हिसाचं उल्लंघन केलंय का' या रकान्यात आयुष्यभर काय लिहाल? मी तरी नाही करणार.

आयरिश व्हिसाचा ऑनलाइन अर्ज कसा भरायचा ते सांगत बसत नाही, विद्यापीठात शिकणाऱ्याला तेवढं जमतं. फी एकदाच जाण्यासाठी ६० युरो, अनेकदा जाण्यासाठी १०० युरो, आणि नकार आला तरी परत नाही. जायच्या तारखेच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. पहिल्या दिवशी करा. आठ आठवडे धरून चाला. व्हिसा हातात येण्याआधी विमानाचं तिकीट काढू नका असं त्यांचंच म्हणणं आहे. मैफलीचं तिकीट मात्र काढावंच लागतं, नाहीतर संपतं. ते पैसे बुडाले तर बुडाले असं समजून काढा.

आता मुद्द्याचं. सगळे लोक मुलाखत, बायोमेट्रिक, पत्र यांची काळजी करतात. माझं घोडं अडलं ते बँकेत.

सहा महिन्यांचं स्टेटमेंट लागतं, बँकेच्या लेटरहेडवर. नेटवरून काढलेलं असेल तर त्यावर बँकेचा शिक्का हवा, असं मला सांगितलं. त्यात काय अवघड, असं वाटलं. सांगलीत आमच्या बँकेत शिपाईसुद्धा शिक्का मारून देतो! इथे ज्या बँकेत माझा पगार जमा व्हायचा (नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही, सगळ्या सारख्याच) तिच्या शाखेत प्रिंट घेऊन गेले. काउंटरवरची बाई अतिशय गोड बोलणारी. म्हणाली, आम्ही छापलेलं नाही त्यावर आम्ही शिक्का मारत नाही. म्हटलं, मग तुम्ही छापून द्या. शाखेत छापायची सोय नाही, मुख्य कार्यालयातून पोस्टाने येईल. म्हटलं, निदान हे खातं माझं आहे एवढं दोन ओळींचं पत्र द्या. शाखा पत्र देत नाही. हे चालू असताना शिक्का तिच्या उजव्या हाताला, निळ्या पॅडवर ठेवलेला. तारखेची चाकं फिरवायचा जुना शिक्का. शेजारी एक आजोबा चेक भरायला आले, तिने माझ्याशी बोलता बोलता तोच उचलला, त्यांच्या स्लिपवर ठप्प करून मारला आणि परत जागेवर ठेवला. मी त्या शिक्क्याकडे बघत राहिले. भांडायची सोय नाही, कारण ती दर वाक्याला 'आय ॲम सो सॉरी' म्हणत होती.

पोस्टाने पहिल्यांदा आलं ते तीनच महिन्यांचं. त्याआधीचं 'पेपरलेस' असल्यामुळे वेगळी विनंती करावी लागते, हे फोनवर कळलं. विनंती केली. आलं ते जुन्या घराच्या पत्त्यावर, आणि कागदावरही जुनाच पत्ता, म्हणजे राहण्याच्या पुराव्याशी जुळेना. पत्ता ॲपमध्ये मी कधीच बदललेला होता. पण ॲपमधला पत्ता आणि स्टेटमेंटवरचा पत्ता दोन वेगळ्या 'सिस्टीम'मध्ये असतात म्हणे. या सगळ्यात अर्ज द्यायला ठरलेली वेळ गेली, पुढची मिळाली ती फार उशिराची, आणि पासपोर्ट परत आला तेव्हा मैफल होऊन गेली होती. व्हिसा मंजूर! छान रंगीत स्टिकर. तिकीट मी ऑफिसातल्या एकाच्या डब्लिनमधल्या चुलतभावाला देऊन टाकलं होतं. त्याचा निरोप आला, 'ठीक होतं, जरा हळू वाजवतात.'

जरा हळू वाजवतात! अहो, त्यासाठीच तर जायचं. पूर्व क्लेअरची शैलीच ती. मार्टिन यांचे वडील पी. जे. हेज 'तल्ला केली बँड' या नाचाच्या धुना वाजवणाऱ्या बँडचे, तो बँड १९४६चा, मुलगा पोरवयातच त्यात वाजवायला लागला. पुढे शिकागोत डेनिस काहिल यांची गिटार भेटली आणि दोघांनी मिळून ते संगीत आणखी सुटसुटीत केलं. काहिल किती कमी वाजवायचे ते हेडफोन लावून ऐका. जिथे दुसरा गिटारवाला दर मात्रेला झोडपेल तिथे ते एक सूर ठेवून थांबतात. १९९९च्या सिएटलच्या थेट ध्वनिमुद्रणात जवळपास अर्ध्या तासाचा एक सलग तुकडा आहे, संथ सुरुवात करून रीलच्या (नाचाच्या जलद धुनेच्या) वेगापर्यंत चढत जाणारा. विलंबितातून द्रुतात जाणारी बढत ज्यांनी ऐकली आहे त्या आपल्या लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही. आणि डेनिस काहिल जून २०२२मध्ये गेले. म्हणजे ती जोडी समोर बसून ऐकायची माझी राहिली ती राहिलीच. बँकेला याचं काय? म्हणून मी या बँकेच्या विषयावर जरा जास्तच बोलते, घरचे वैतागतात.

तेव्हा कृपा करून आज रात्रीच ॲपमध्ये जाऊन पेपरलेस बंद करा. दर महिन्याला कागद घरी येऊ द्या, पाकिटासकट जपून ठेवा. कागदावरचा पत्ता आणि भाडेकराराचा पत्ता फ्लॅट नंबरसकट जुळतोय का बघा. काही बँका ॲपमधूनच प्रमाणित स्टेटमेंट देतात असं ऐकलंय, तुमची देत असेल तर नशीबवान आहात. घरून एकदम मोठी रक्कम आली असेल, फीसाठी किंवा कर्जाचा हप्ता म्हणून, तर ती कुठून आली हे अर्जाच्या पत्रात एका ओळीत लिहा. न लिहिलेल्या मोठ्या जमेवरून शंका घेतात. पत्र साधं ठेवा: मी अमुक विद्यार्थी, अमुक तारखांना अमुक कार्यक्रम ऐकायला जातोय, तिकीट जोडलंय, परतायचंय कारण शिक्षण पूर्ण व्हायचंय. 'आंतरसांस्कृतिक संगीताचा अभ्यास' वगैरे पीठ घालू नका. लोक गाणं ऐकायला जातात, हे अधिकाऱ्यालाही माहीत असतं.

आणि व्हिसा अडकलाच तर हातपाय गाळू नका. दर जानेवारीत ग्लासगोला केल्टिक कनेक्शन्स भरतो, १९९४पासून चालू आहे, आयर्लंड-स्कॉटलंडचे मोठमोठे कलाकार येतात आणि तिथे जायला तुम्हाला फक्त रेल्वेचं तिकीट लागतं. काही जण म्हणतील त्यात गावातल्या मैफलीची मजा नाही. बरोबर आहे, नाही. पण शून्यापेक्षा बरं.

व्हिसा मिळाला तर फीकलबद्दल थोडं. मी स्वतः हेज यांना नंतर ऐकलं ते बँट्रीला. तिथला मास्टर्स ऑफ ट्रॅडिशन महोत्सवही ऑगस्टमध्येच असतो, बँट्री हाउस या जुन्या हवेलीत, आणि त्याचे कलात्मक सूत्रधार तेच आहेत. मंच असा जवळ की गजाचे केस तारेवर घासलेले ऐकू येतात. त्यांनी डोळे मिटले, डावा पाय जमिनीवर हलके आपटायला लागला, आणि पहिल्या काही मिनिटांत मी बँकेला माफ करून टाकलं (नंतर माफी परत घेतली). बँट्रीला रेल्वे जात नाही, कॉर्कहून बस. फीकलला तर बसचंही फारसं खरं नाही. शॅनन विमानतळ जवळ, एनिस या गावी मुक्काम करता येईल, पण रात्री उशिरा परतायची टॅक्सी आधी ठरवल्याशिवाय जाऊ नका. ॲपवर गाडी येईल या भरवशावर राहाल तर पहाटेपर्यंत दगडी कुंपणावर बसाल. गाव लहान आहे, खोल्या महोत्सवाच्या कितीतरी आधी संपतात.

खरी गंमत फीकलच्या 'पेपर्स'सारख्या पबमधल्या सेशनमध्ये, म्हणजे वादकांच्या अनौपचारिक बैठकीत आहे, ती सोडू नका. तिथे वादक टेबलाभोवती एकमेकांकडे तोंड करून बसतात, श्रोत्यांकडे नाही. त्यांच्या मधली रिकामी खुर्ची तुमच्यासाठी नसते, कोणीतरी वादक चहा आणायला गेलेला असतो. टाळ्यांनी ठेका धरू नका. आपल्याला मध्येच 'क्या बात है' म्हणायची सवय. रील रंगात आली की तिथेही लोक हुंकार देतात, पण कोणी एकटं गायला लागलं किंवा संथ धून सुरू झाली की पब चिडीचूप होतो, तेव्हा पेल्याचाही आवाज करू नका. फोन बाहेर काढायच्या आधी विचारा. आणि फर्माईश करू नका. डब्लिनच्या टेंपल बार भागातल्या पबमध्ये पर्यटकांसाठी जी गाणी वाजतात ती इथे मागितलीत तर कोणी रागावणार नाही, पण तुमच्याकडे पुन्हा बघणारही नाहीत.

शाकाहारी असाल तर भाजीचं सूप मागताना ते चिकनच्या पाण्यात केलंय का विचारून घ्या, बऱ्याचदा असतं. ब्राउन ब्रेड आणि लोणी मात्र बिनधास्त खा.

अजून एक. विमानतळावर बोध्रान नावाचं डफाच्या जातीचं वाद्य छान हिरव्या नक्षीचं मिळतं. घेऊ नका. एक माझ्या कपाटावर पडून आहे, हवं तर पोस्टाने पाठवते. पत्राचा मसुदा तयार झाला की नाव-पत्ता खोडून इथेच टाका, वाचून सांगेन.