जपानी तलवार घेताना आधी मूठ उतरवा

प्रश्न (तोक्योत नोकरी करणारे एक वाचक): इथल्या एका दुकानात ७१ सेंटिमीटरची जुनी कताना पाहिली. तिच्यावर ‘नागासोने कोतेत्सु’ हे नाव कोरलेले आहे आणि सोबत सरकारी नोंदणीचे कार्डही आहे. एवढ्यावर ती अस्सल मानावी का?

उत्तर: मानू नये. कोतेत्सु हा सतराव्या शतकातला एदोचा (आजच्या तोक्योचा) नामांकित कारागीर. त्याच्या खोट्या सह्या इतक्या झाल्या आहेत की हे नाव दिसले की आधी शंकाच घ्यावी. नोंदणी कार्ड, म्हणजे तोरोकुशो, कायद्यासाठी असते. पाते पारंपरिक पद्धतीने घडवलेले आहे एवढेच त्यातून मानता येते. सहीच्या खरेपणाची हमी ते देत नाही. कार्डावर लांबी, बाक, खिळीच्या भोकांची संख्या आणि कोरलेली अक्षरे लिहिलेली असतात. पट्टीने मोजून प्रत्येक गोष्ट पात्याशी ताडून पाहा. लांबी टोकापासून पात्याच्या पाठीवरच्या खाचेपर्यंत सरळ रेषेत मोजतात, बाकावरून नाही.

त्यासाठी दुकानदाराच्या परवानगीने मूठ उतरवा. आपल्याकडच्या जुन्या तलवारींत पाते मुठीत लाखेने बसवलेले असते, त्यामुळे आतला भाग दिसत नाही. जपानी पाते बांबूच्या एका खिळीवर (मेकुगी) टिकलेले असते. खिळी एका बाजूला निमुळती असते. त्या बाजूने ढकला. मूठ डाव्या हातात धरा, पाते उभे पण जरा तिरपे ठेवा, धार स्वतःकडे नको. उजव्या मुठीने डाव्या मनगटावर हलके ठोके द्या, पाते सैल होते. उघड्या पोलादाला बोट लावू नका. घामाने डाग पडतो आणि तो काढायला पुन्हा घासाई करावी लागते.

मुठीत जाणारा हा भाग म्हणजे नाकागो. त्याला मुद्दाम तेल लावत नाहीत, त्यामुळे त्याचा गंज वयाप्रमाणे रंगत जातो. दुसऱ्या महायुद्धातल्या पात्यावर तो फिकट तांबूस असतो आणि कानशीच्या खुणा ताज्या वाटतात. सतराव्या शतकातला गडद तपकिरी, गुळगुळीत असतो. कानशीच्या रेघा दिसतात, पण कडा मऊ झालेल्या असतात. चौदाव्या शतकातला जवळजवळ काळा होतो आणि रेघा पुसट होऊन जातात. पांढऱ्या सुती कापडाने हलके पुसून पाहा. नारिंगी भुकटी निघाली, किंवा खड्डे पडलेला पण सगळीकडे सारखाच गंज असेल, तर आम्लाने मुद्दाम गंज चढवल्याचा संशय घ्या.

सहीकडे दहापट भिंगातून पाहा. अक्षरांच्या तळाचा गंज भोवतीच्या गंजाशी जुळायला हवा. तळ फिकट किंवा चकचकीत असेल, छिन्नीने उचललेल्या कडा अजून टोकदार असतील, तर नाव मागाहून कोरलेले आहे. हीच कसोटी भोकाच्या आतल्या भिंतीला लावा. दोन-तीन भोके दिसली म्हणून घाबरू नका. पाती पुढच्या काळात आखूड करून पुन्हा बसवत असत.

सही खोटी निघाली तरी पाते जुने आणि उत्तम असू शकते. त्याची किंमत मात्र कोतेत्सुची नसते. आमच्या मते नवख्याने प्रसिद्ध नावामागे लागण्यापेक्षा सही नसलेले पण तज्ज्ञांच्या दाखल्याचे पाते घ्यावे. एनबीटीएचके ही जपानी कलात्मक तलवारींच्या जतनासाठी १९४८ मध्ये स्थापन झालेली संस्था होझोन, तोकुबेत्सु होझोन, जूयो आणि तोकुबेत्सु जूयो असे चढत्या क्रमाने दाखले देते. होझोनची पद्धत १९८२ मध्ये सुरू झाली. त्याआधीच्या पांढऱ्या-हिरव्या दाखल्यांवर मोठ्या नावासाठी विसंबू नका; पाते पुन्हा तपासणीला पाठवायला सांगा. दाखल्यावर नाकागोचे चित्र असते. भोके आणि अक्षरांची वळणे त्याच्याशी जुळवून पाहा.

प्रश्न: धारेलगतची पांढरी नक्षी खरी की खोटी, हे कसे ओळखावे?

उत्तर: खोलीतले बाकी दिवे बंद करून एकाच बल्बच्या दिशेने पाते तिरपे धरा आणि हळूहळू फिरवा. पाणी देताना (तापवलेले पाते पाण्यात बुडवून कडक करताना) धारेवर मातीचा पातळ आणि पाठीवर जाड लेप असतो. धार झपाट्याने निवते आणि कडक होते, पाठ चिवट राहते. त्या दोहोंच्या सीमेवर ही नक्षी, म्हणजे हामोन, उमटते. खऱ्या हामोनमध्ये प्रकाशात चमकणारे बारीक कण किंवा धुक्यासारखी रेघ दिसते, आणि ती पोलादाच्या आत असल्यासारखी वाटते. आम्लाने काढलेली नक्षी सपाट, एकसारखी पांढरट असते.

इथे एक फसगत हमखास होते. घासाई करणारा कारागीर हामोन उठून दिसावा म्हणून धारेकडचा भाग पांढरा करतो; त्याला हादोरी म्हणतात. तो पांढरा पट्टा म्हणजे हामोन नव्हे, खरी रेघ त्याच्या आत शोधावी लागते. ती टोकापर्यंत जाऊन पाठीकडे वळलेली (बोशी) हवी. टोकाजवळ ती नाहीशी होत असेल, तर टोक मोडून पुन्हा आकार दिलेला असतो. असे पाते सोडून द्या.

धारेला आडवी जाणारी केसाएवढी भेग (हागिरे) दिसली तरी सोडा. कडक भागातली ती भेग घासून जात नाही. धारेचा बारीकसा टवका मात्र पुरेसे पोलाद उरले असेल तर घासाईत निघतो.

प्रश्न: नाकागोवर छोटा शिक्का आहे. याचा अर्थ काय?

उत्तर: बहुधा युद्धकाळातले पाते. ‘शोवा’ किंवा ‘सेकी’चा शिक्का असलेली पाती सहसा पाण्याऐवजी तेलात बुडवून कडक केलेली, पारंपरिक नसलेली असतात. ताऱ्याचा शिक्का वेगळा: तो लष्कराने मान्य केलेल्या कारागिराच्या पारंपरिक पात्यावर मारत. यांतले कोणतेही पाते सामुराईंच्या काळातले नाही.

प्रश्न: भारतात आणायची झाल्यास?

उत्तर: जपानमध्ये विकत घेतल्यावर २० दिवसांच्या आत मालकीबदल प्रांताच्या शिक्षण मंडळाला कळवावा लागतो. देशाबाहेर नेताना सांस्कृतिक व्यवहार विभागाचा निर्यात दाखला काढून तोरोकुशो परत करावा लागतो. म्हणून जपानबाहेरचा विक्रेता मूळ तोरोकुशो दाखवू लागला, तर ते कार्ड त्याच्याकडे कसे राहिले हे आधी विचारा. भारतात शस्त्रे आणण्यासाठी शस्त्र कायदा, १९५९ खाली परवान्याची तरतूद आहे. पैसे देण्याआधी सीमाशुल्क कार्यालय आणि पोलिसांकडून लेखी उत्तर घ्या. तलवार बंदरात अडकली तर दुकानदार पैसे परत करेलच असे नाही.