जोरात पिकअप घेताना 'ठक्क' आवाज: आधी काय बघायचं

भावा, तुझ्या जुन्या मर्सिडीज ई-क्लासमध्ये जोरात पिकअप घेताना 'ठक्क' आवाज येतो म्हणतोस, तर पहिलं म्हणजे घाबरू नकोस. पंधरा-सोळा वर्षांच्या ई-क्लासमध्ये असा आवाज आला की लोक थेट गिअरबॉक्सवर संशय घेतात. मीही घेतला होता, आणि एका गॅरेजवाल्याने तो उतरवायचीच तयारी केली. निघालं इंजिनचं माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं तो रबरी आधार! त्यातलं तेल गळून रबर बसलं होतं.

सुरुवात डिकीपासून कर, आवाज तिथल्या सामानाचा नाही ना ते आधी कळेल. स्टेपनी, जॅक, सगळं बाहेर काढ आणि पन्हाळ्याच्या चढाला एक चक्कर मार. शेजारी कोणाला तरी बसव, म्हणजे आवाज पुढून येतो, मधून की मागून, ते नीट कळेल.

- पुढून: इंजिन माउंटिंग. बॉनेट उघडून, हँडब्रेक आणि ब्रेक दोन्ही दाबून, इंजिन चालू ठेवून गिअर डी-आर-डी (पुढचा-रिव्हर्स-पुढचा) कर. बघणाऱ्याने बाजूला थांबायचं, गाडीच्या पुढे-मागे कोणी नको. इंजिन उसळी मारत असेल तर उत्तर मिळालं.
- मधून: गिअरबॉक्सचं माउंटिंग, प्रोपेलर शाफ्टचं (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा) रबर कपलिंग म्हणजे रबरी जोड, आणि त्या शाफ्टला मध्ये आधार देणारं सेंटर बेअरिंग. कपलिंगला भेग दिसली तर गाडी पळवू नकोस, तुटलं तर शाफ्ट खाली आपटतो.
- मागून: डिफरन्शियलचे (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) आणि सबफ्रेमचे (तो डबा ज्यावर बसतो ती चौकट) बुश, म्हणजे रबरी आधार.

नुसत्या जॅकवर गाडीखाली कधीच शिरायचं नाही. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एखाद्या गॅरेजात लिफ्टवर चढवून घे, अर्ध्या तासाचं काम आहे. आणि अंदाजाने पार्ट बदलत बसू नकोस, सगळ्यात जास्त पैसे तिथंच जातात.

आवाज कुठून येतोय तेवढं कळव, पुढचं मग बघू.