नवीन सिस्टरला: आधी उपाशी पोटाचे तास मोज

मुलांच्या सर्जरी वॉर्डात रुजू झालीस, तर ऑपरेशननंतर पोर लवकर बरं व्हावं म्हणून जी पद्धत (ERAS) वापरतात, ती शीक. त्यात पहिल्यांदा पोर किती तास उपाशी आहे ते बघ. ‘रात्री 12 नंतर काही देऊ नका’ सांगणं सोपं. पण केस दुपारी 2 ला लागली की ते लेकरू 14 तास उपाशी! ओठ सुकलेले, शीर सापडत नाही, आई हवालदिल. हे टळू शकतं गं. हलका आहार 6 तास आधी बंद, आईचं दूध 4 तास, पण पाणी किंवा गाळलेला सफरचंदाचा रस 2 तास आधीपर्यंत चालतो. युरोपातल्या भूलतज्ज्ञांनी 2022 मध्ये हा 2 तासांचा अवधी 1 तासावर आणला. तुमच्या भूलतज्ज्ञांना विचार आणि आईला घड्याळातली वेळ सांग, 2 च्या केसला: ‘दुपारी बारापर्यंत पाणी पाजा.’ लिस्ट लांबली तर ओटीला फोन करून वेळ पुन्हा ठरवून घे.

पॅरासिटामॉल ‘दुखलं तर’ नको, लिहिलेल्या वेळेवरच. कॉडल ब्लॉक (पाठीच्या खालच्या टोकाला दिलेलं बधिरतेचं इंजेक्शन) दिला असेल तर त्याचा असर उतरायच्या आत पॅरासिटामॉलचा डोस गेलेला हवा. दुखणं असं आधीच आवरलं की मॉर्फिन कमी लागतं, आणि ते जितकं कमी लागेल तितक्या उलट्या कमी, आतडीही लवकर सुरू होतात.

राउंडला ‘सर, कॅथेटर काढायचं का?’ (म्हणजे लघवीची नळी) हे रोज विचार, बिचकू नकोस.

सर्जन हेन्रिक केलेट यांनी 1990 च्या दशकात डेन्मार्कमध्ये मोठ्या माणसांच्या आतड्याच्या ऑपरेशनसाठी ही पद्धत बसवली. मुलांपर्यंत ती फार उशिरा पोचली. म्हणून जुनी मंडळी कुरकुरतील. त्यांच्याशी वाद घालू नकोस, डॉक्टरांची लेखी ऑर्डर घे आणि पोराला ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळीच आईचा हात धरून दोन पावलं चालव.