कोपऱ्यातला लांबटांग्या

प्रश्न : छताच्या कोपऱ्यात काडीसारख्या पायांचा कोळी उलटा लटकलेला असतो. झाडू लागला की गरगरा घुमतो नि दिसेनासा होतो. हा कोणता?

उत्तर : फोल्कस फॅलॅन्जिऑइडीस. अंग जेमतेम सेंटिमीटरभर, पाय मात्र त्याच्या पाच-सहा पट. जाळ्यात पाय रोवून तो अंग इतक्या जोरात फिरवतो की शत्रूला नेम धरता येत नाही.

प्रश्न : हा जगातला सर्वांत विषारी कोळी, केवळ दात आखूड म्हणून माणूस वाचतो, हे खरं का?

उत्तर : थाप आहे, आणि फार चिवट थाप आहे. दात पाव मिलिमीटरच्या आसपास, तरी कातडीत शिरू शकतात. टीव्हीवरच्या एका प्रयोगात हा कोळी माणसाला चावला, तेव्हा थोडा वेळ हलकी जळजळ झाली, एवढंच. खरोखर विषारी असलेल्या कोळ्यांना तो मारून खातो, त्यावरून ही समजूत पसरली असावी.

प्रश्न : हे कोळी वाढले तसे घरातले बाकीचे कोळी कमी झाले. योगायोग?

उत्तर : नव्हे. याचा धागा चिकट नसतो. सावज त्यात अडखळतं, पण सुटूही शकतं. म्हणून तो मागच्या लांब पायांनी दुरूनच धागे फेकतो, सावज गुंडाळतो आणि मग चावतो. समोरच्याचे दात त्याच्या अंगापर्यंत पोचतच नाहीत. याहून कपटी चाल म्हणजे दुसऱ्याच्या जाळ्यावर जाऊन, किडा अडकल्यासारखे झटके द्यायचे. जाळ्याचा मालक धावत येतो आणि स्वतःच बांधला जातो. थोराड कोळीही असे संपतात. खायला कमी पडलं तर हा आपल्या जातवाल्यांनाही सोडत नाही, तेव्हा त्याला घराचा राखणदार वगैरे म्हणायची घाई नको.

प्रश्न : एका कोळ्याच्या तोंडाशी फिकट गोळा दिसला. भक्ष्य का?

उत्तर : अंडी. ती मादी आहे. दोन-चार धाग्यांत बांधलेली वीस-तीस अंडी ती पिल्लं निघेपर्यंत, म्हणजे काही आठवडे, जबड्यात धरून ठेवते.

प्रश्न : हा मूळचा कुठला?

उत्तर : पश्चिम आशियातला मानतात. युरोपात १७७५ मध्येच फ्युसली या स्विस अभ्यासकाने त्याची नोंद केली. गुहांसारख्या अंधाऱ्या, स्थिर हवेच्या जागा त्याला मानवतात. तळघरं आणि अडगळीच्या खोल्या त्याच धाटणीच्या. माणसाच्या सामानासोबत तो जगभर पोचला.

प्रश्न : जाळं काढलं तरी पुन्हा येतं.

उत्तर : कोळी तिथेच राहतो म्हणून. जुने धागे न काढता तो नवे जोडत जातो. त्यालाही भांड्यात धरून बाहेर सोडा. डास-माश्या भरपूर असतील तर मात्र दुसरा येईल.