पिक्चर ट्यूब नव्याने भरण्यावर पोट भरेल का?

प्रश्न : मुलगी बारावी विज्ञान झाली. दिवसभर जुने टीव्ही खोलून बसते. आता म्हणते, पिक्चर ट्यूब (टीव्हीच्या पडद्याची काचनळी) पुन्हा भरायला, म्हणजे दुरुस्त करून नव्यासारखी करायला, शिकायचंय. हे काय करिअर झालं? – एक पालक

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे. नुसत्या या कामावर घर चालणार नाही, हे तिला स्पष्ट सांगा. पण तिला वेड्यात काढू नका. अमेरिकेत आयोवामधला हॉक-आय हा ट्यूब भरणारा कारखाना २०१० मध्ये बंद झाला. त्याची यंत्रं ओहायोतल्या हिलियार्डच्या अर्ली टेलिव्हिजन म्युझियमकडे गेली. यंत्रं ट्रकमध्ये चढतात हो, हात चढत नाही.

हात म्हणजे हातचं कसब. ते काय, सांगतो. ट्यूबच्या मागच्या निमुळत्या मानेत इलेक्ट्रॉनचा झोत सोडणारी गन असते. ट्यूब 'वीक' होते, म्हणजे चित्र अंधूक होतं, ते बहुधा गनमधल्या कॅथोडवरचा, इलेक्ट्रॉन सोडणारा ऑक्साइडचा लेप थकल्यामुळे. ट्यूब आतून निर्वात असते, म्हणून आधी आत हवा सोडायची, तीही हळूहळू. भसकन शिरली तर पडद्यावरचा फॉस्फर, म्हणजे उजळणारा लेप, उडतो. मान कापायची, नवी गन ज्योतीवर जोडायची. सांधा लवकर थंड केला, तर काचेत ताण राहतो. संध्याकाळी धड दिसणारी ट्यूब सकाळी तडकलेली सापडते! पुढे भट्टीत तापवत तासन्‌तास हवा ओढणाऱ्या पंपावर ठेवायची. शेवटी बाहेरून कॉइलने गेटर (उरलीसुरली हवा शोषणारा आतला भाग) तापवला की आतलं बेरियम उडून काचेवर आरशासारखं बसतं. कुठे हवा शिरत असेल, तर तोच आरसा पांढरा पडतो.

म्हणून मुलीला पदवी भौतिकशास्त्रात किंवा इलेक्ट्रॉनिक्समध्ये घेऊ द्या, आणि जोडीला व्हॅक्यूम तंत्र व सायंटिफिक ग्लासब्लोइंग (प्रयोगशाळेची काचेची उपकरणं घडवणं) शिकू द्या. एक्स-रे ट्यूब, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, मास स्पेक्ट्रोमीटर, सगळ्यांना निर्वात पोकळी लागते. प्रयोगशाळांना काच जोडणारा माणूस लागतो. न्यू जर्सीच्या सेलम कम्युनिटी कॉलेजात तर याच विषयाची पदवी मिळते. पोट त्यावर, ट्यूब सुट्टीच्या दिवशी.

तोवर तिने एक करावं. जुना जाणकार भेटला, तर त्याच्या चेहऱ्याचं नाही, हातांचं चित्रीकरण करावं. भट्टीचं तापमान, वेळ, कुठल्या ट्यूबला कुठली गन, सगळं वहीत उतरवावं. बिघडलेल्या ट्यूबचीही नोंद हवी. लोक नेमकी तीच ठेवत नाहीत.

आणि ती एकटीच टीव्ही खोलत असेल, तर आजच थांबवा. बंद संचातही ट्यूबवर हजारो व्होल्टचा भार उरलेला असू शकतो, आणि फुटली तर काचा अंगावर येतात. शिकवणारा सोबत हवा, डोळ्यांवर चष्मा हवा. सुरुवात साध्या काचनळ्या जोडण्यापासून करू दे.